राहिलेल्या गोळ्यांचं पारायण

कुसुमताई ताम्हनकर गेले चार महिने एकाच वेळी दोन ठिकाणी राहत होत्या. स्तोत्र मंडळातल्या बायकांच्या लेखी त्या हिंजवडीला मुलाकडे होत्या, आणि मुलाच्या लेखी रोज सकाळी मंडळात. प्रत्यक्षात त्या नव्या पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, रस्त्याकडच्या खिडक्या लावून, न्हाणीघराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेल्या असत. असा चमत्कार संतांना जमायचा म्हणतात. कुसुमताईंना तो एका पांढऱ्या, बारीकशा गोळीमुळे जमला होता.

गोळी पाण्याची. म्हणजे अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी. गणपतीनंतर त्यांचे पाय सुजायला लागले होते. चपलेचा पट्टा रुतायचा, दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागायचं, आणि रात्री आडवं झालं की कोणी छातीवर उशी ठेवल्यासारखं वाटायचं. तळमजल्यावरच डॉक्टर तेजस्विनीचा दवाखाना. ही तेजस्विनी कुसुमताईंचीच विद्यार्थिनी, आठवी ते दहावी संस्कृतला त्यांच्याच हाताखाली होती. डॉक्टर झाली, दोन मुलांची आई झाली, तरी त्यांना अजून ‘बाई’ म्हणायची आणि त्या दवाखान्यात शिरल्या की खुर्चीतून उठायची.

"बाई, हृदयाचा पंप जरा थकलाय," तिने तपासण्या बघून सांगितलं. "घाबरायचं काही नाही. मीठ कमी करा, आणि ही गोळी रोज सकाळी एक. चुकवायची नाही."

कुसुमताईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत सूचना दिल्या होत्या, त्यामुळे सूचना पाळायची कशी हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. सकाळी म्हणजे सकाळी. आंघोळ, पूजा, आणि सातच्या ठोक्याला गोळी.

गोळी गुणाची होती. आठवड्यात सूज उतरली, रात्रीची झोप लागायला लागली. पण अर्ध्या तासात ती हाक मारायची, आणि ती हाक ‘आले हं’ म्हणून थोपवता येण्यासारखी नसायची. एकदा जाऊन यावं, पदर सावरून बसावं, की परत. दुपारपर्यंत हे असंच चालायचं. आणि मंडळाची वेळ आठ ते साडेदहा.

मंडळ म्हणजे चार गल्ल्या पलीकडच्या विष्णूच्या देवळात रोज सहस्रनाम म्हणणाऱ्या पंचवीस-तीस बायका. कुसुमताई तिथे सांगणाऱ्या. पहिली ओळ त्यांनी उचलायची, मग बाकीच्यांनी. यजमान गेल्यावर दिवसभरात कोणी त्यांना नावाने हाक मारायचं ते तिथेच. ‘कुसुमताई आल्या, चला, सुरू करू’ हे एक वाक्य ऐकलं की त्यांचा दिवस मार्गी लागायचा. मंडळाचा नियमही त्यांनीच घालून दिलेला होता: ज्या दिवशी पाठ चुकेल, त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन पाठ करून करायची. यजमानांच्या सुतकात राहिलेले सगळे पाठ त्यांनी पुढच्या महिन्यात एकटीने बसून पुरे केले होते. देवाकडे थकबाकी ठेवलेली त्यांना आवडायची नाही.

देवळामागे स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप, आणि कुलपाशेजारी विश्वस्त रावसाहेबांच्या हस्ताक्षरातली पाटी. ‘सदर स्वच्छतागृह विश्वस्तांसाठी आहे. किल्लीची चौकशी करू नये. देवाच्या दारी घरून आवरून यावे.’ विश्वस्त पाच, पाचही पुरुष, आणि पाचही जण देवळाच्या समोरच राहणारे. त्यांना त्या स्वच्छतागृहाची गरज केव्हा पडत असेल ते एक विष्णूला ठाऊक.

पहिले काही दिवस कुसुमताईंनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. ‘तास संपल्यावर जा’ असं ज्यांनी शेकडो मुलींना सुनावलं होतं, त्या आता विष्णूच्या हजार नावांतली किती राहिली ते मनात मोजत मांडी आवळून बसायच्या. दोनदा मध्येच उठून घरी पळाल्या. बायकांनी माना वळवून पाहिलं. रावसाहेबांकडे किल्ली मागावी असं एकदा मनात आलं, पण परपुरुषापुढे उभं राहून काय आणि कसं मागायचं, या विचारानेच त्यांचे कान तापले.

आणि मग एका गुरुवारी देवळाच्या पायरीवरच जे व्हायला नको ते झालं. पायरीवर कोणी नव्हतं, कोणी पाहिलं नसावं. बहुतेक नसावं. त्या ‘बहुतेक’ने पुढे सगळा घात केला. ओलं पातळ पिशवीने झाकत त्या भिंतीच्या कडेकडेने घरी आल्या, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडल्या. सत्तरी उलटलेल्या बाईवर लहान मुलासारखी वेळ यावी, याची त्यांना इतकी लाज वाटली की आरशात स्वतःकडेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळात फोन करून सांगितलं, "आमोद फारच मागे लागलाय हो. काही दिवस हिंजवडीला जाते."

"मजा आहे बाई तुमची!" पलीकडून उत्तर आलं. "सून करतेय, तोवर करून घ्या."

आमोदला मात्र खरं सांगण्याची सोय नव्हती. आमोद आणि सलोनी हिंजवडीला बाविसाव्या मजल्यावर राहायचे. ‘आई एकटी घरात बसून असते’ एवढं कळायचा अवकाश, की तो गाडी घेऊन हजर झाला असता आणि त्यांना बिऱ्हाडासकट उचलून घेऊन गेला असता. तिथे सकाळी नऊला दोघं बाहेर पडली की रात्रीच उगवायची. खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी दिसायची, आणि शेजारच्या दारावरची पाटी कोणत्या भाषेतली हेही कळायचं नाही. इथे निदान रद्दीवाल्याची आरोळी ओळखीची होती. एकटंच बसायचं तर आपल्या घरात काय वाईट, असं त्यांचं गणित होतं.

आमोद रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा.

"काय म्हणतंय मंडळ?"

पहिल्या दिवशी कुसुमताई अडखळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रावसाहेबांनी नवा माइक आणल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या माइकवरून बायकांचं भांडण लावून दिलं. मग त्यांना त्यात गोडीच वाटायला लागली. सकाळभर खुर्चीत बसून त्या दुपारच्या फोनची जुळणी करायच्या. प्रसादाच्या शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं, माइक आरतीच्या वेळी कोकलला, रावसाहेबांनी उपरण्याने त्याचं तोंड बांधलं. आमोद ऑफिसात मोठ्याने हसायचा. ‘आई, तुझं बरं आहे, करमणूक आहे रोज,’ म्हणायचा आणि फोन ठेवायचा. त्याची पाच मिनिटं संपली, की कुसुमताईंच्या घरात दुसऱ्या दिवशीच्या एक वाजेपर्यंत कोणाचा आवाज नसे.

कामवाल्या बाईंनाही ‘मुलाकडे जातेय’ सांगून त्यांनी रजा दिली होती, कारण त्या बाई मंडळातल्या आणखी दोन घरी भांडी घासायच्या. भाजीला जायचं तर दुपारी एक ते चारमध्ये, मंडईत. त्या वेळी अख्खी पेठ वामकुक्षी घेते, त्यामुळे मंडळातलं कोणी भेटायची धास्ती नाही. भाजीवाल्या स्वतःच गाळ्यावर पेंगत असायच्या. कुसुमताई उरलीसुरली मेथी घेऊन चोरासारख्या परत यायच्या. आपल्याच गावात तोंड लपवून हिंडणाऱ्या बाईला कोणी काय म्हणावं!

पण सगळी कामं काही दुपारी होत नाहीत. बँक सकाळची, हयातीचा दाखला सकाळचा, डोळ्यांचा डॉक्टर सकाळचा. त्या दिवशी कुसुमताई गोळी घ्यायच्याच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या. मंडळाचा नियम हाडीमासी खिळलेला होता. राहिलं ते भरून काढायचं, यात काही चुकतंय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. उलट आपण किती काटेकोर आहोत, याचं थोडं समाधानच वाटायचं.

चुकवलेल्या दिवसांनंतर पाय पुन्हा सुजायचे. नेमक्या अशाच एका दिवशी तेजस्विनीने पाहिलं. तिने पायाच्या नडगीवर बोट दाबलं, तिथे खळगा पडला तो पडलाच राहिला.

"बाई, गोळी नियमित घेताय ना?"

आता, ज्या मुलीला ‘गृहपाठ झाला का’ म्हणून धारेवर धरलं, तिच्यासमोर ‘नाही’ कसं म्हणायचं? "घेते की," कुसुमताई म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्या मुली कशा चटकन बोलतात, तशाच चटकन.

"मग पुरत नाहीये," तेजस्विनी म्हणाली आणि तिने जास्त ताकदीची गोळी लिहून दिली. "घरून काही गुडघ्याबिडघ्याची दुखण्याची गोळी घेत नाही ना? ती घ्यायची नाही हं. आणि चक्कर आली, पोटऱ्या वळल्या तर लगेच खाली या."

"हो हो," म्हणत बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

मग आला तो जोडून सुट्ट्यांचा शनिवार. आमोद घ्यायला आला. हिंजवडीची वाट म्हणजे काय प्रकरण आहे ते पुण्यात सांगायला नको. गाडीत दोन तास अडकून पडायचं म्हणून कुसुमताईंनी शनिवारची गोळी घेतली नाही. रविवारी सलोनीने खडकवासल्याचा बेत काढला. धरणाच्या काठावर भाजलेली कणसं, गर्दी, आणि सोयीच्या नावाने शंख. तिने इतक्या हौसेने सासूसाठी घडीची खुर्ची घेतली होती की नाही म्हणवेना. रविवारची गोळीही राहिली. सोमवारी परतीचा प्रवास, म्हणून तीही.

"आई, धाप लागतेय का तुम्हाला?" सलोनीने विचारलं होतं.

"या वयात आता काय नाचायला सांगतेस?" असं म्हणून कुसुमताईंनी विषय मिटवला. पुणेरी माणसाला हा एक फायदा असतो. चार शब्द तिरके टाकले, की पुढचे प्रश्न येत नाहीत.

सोमवारची रात्र त्यांनी दोन उशा पाठीशी लावून बसून काढली. पाय खांबासारखे झाले होते. आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची. थकबाकी फार झाली, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं.

मंगळवारी अंगारकी होती. उपास. चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही. एरवी त्या उपासाला पाणी प्यायच्या, पण अंगात आधीच पाणी झालंय तर आणखी कशाला प्यायचं, असा त्यांनी हिशेब केला. सातच्या ठोक्याला गोळ्यांची पट्टी काढली. राहिलेल्या तीन आणि आजची एक, अशा चार गोळ्या तळहातावर घेतल्या, देवाकडे पाहून घोटभर पाण्याबरोबर गिळल्या. पारायण पुरं झाल्यासारखं हलकं वाटलं.

त्यानंतर त्या खुर्चीपर्यंत परत फारशा आल्याच नाहीत. नऊला तोंडाला कोरड पडली. दहाला पोटऱ्या अशा वळल्या की भिंत धरून उभं राहावं लागलं. कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली. त्यांना वाटलं शेजारचा कुकर आहे. बाराच्या सुमाराला त्या न्हाणीघरातून उठल्या आणि दाराची चौकट धरायला गेल्या, तर चौकट जागेवर नव्हती.

शुद्धीवर आल्या तेव्हा त्या पॅसेजमध्ये कुशीवर पडल्या होत्या. कोपर ठणकत होतं. उठायला गेल्या की डोळ्यांपुढे अंधार यायचा, म्हणून पुन्हा गाल फरशीला टेकवला. फरशी गार होती. त्यांनी कान देऊन ऐकलं. खाली रिक्षा गेली, कोणीतरी कोणाला तरी ‘अहो, जरा बाजूला’ म्हणालं. जग त्यांच्यापासून दोन जिन्यांवर होतं.

आता कोणीतरी येईल, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मग एकेक माणूस त्या मनाशी आठवायला लागल्या. दूधवाला सकाळीच येऊन गेला. कामवाल्या बाईंना त्यांनीच सुट्टी दिली होती. मंडळातल्या बायका आज अंगारकी म्हणून दोन तास जास्त बसल्या असतील, आणि निघताना एखादीने म्हटलंही असेल, ‘कुसुमताई असत्या तर!’ आणि दुसरी म्हणाली असेल, ‘त्या बसल्यात मुलाकडे आरामात.’

तेवढ्यात टेबलावर फोन वाजायला लागला. एक वाजला होता. आमोद.

फोन वाजत राहिला. कुसुमताईंनी हात पुढे केला. हात आणि टेबल यांच्यात अख्खी खोली होती. वाजून वाजून तो थांबला. पुन्हा वाजेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. पुन्हा वाजला नाही. मेसेज आल्याचा टिंग असा आवाज तेवढा झाला, आणि त्यात काय लिहिलं असेल ते त्यांना न वाचता कळलं. ‘अंगारकीची गर्दी असेल मंडळात. संध्याकाळी बोलू.’ तो आता निवांत जेवायला गेला असेल. त्याचं काय चुकलं? आई मंडळात आहे, आजूबाजूला पंचवीस बायका आहेत, माइकवरून भांडतायत. मंडळही निवांत, मुलगाही निवांत. कुठेही काळजीचं कारण राहणार नाही, याची चोख व्यवस्था कुसुमताईंनी स्वतः चार महिने खपून केली होती.

त्यांना भीती वाटली. मरणाची तितकीशी नाही. आपण इथे पडलोय हे आज, उद्या, कदाचित परवाही कोणाच्या लक्षात येणार नाही, याची वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ इतकी झाकली होती की आत कोणी आहे हेच लोक विसरले होते. त्या आयुष्यात कोणाला मदतीला ‘या ना’ म्हणाल्या नव्हत्या. आता त्यांनी बंद खिडकीकडे बघून ‘कोणी आहे का हो’ असं म्हटलं, आणि घशातून आवाजच फुटला नाही. सहस्रनाम सांगणारा गळा, पण कोरडा ठक्क.

मग त्या सरकायला लागल्या. कोपरावर, कुशीवर, थांबत थांबत. पोटरीत गोळा आला की दात आवळून पडून राहायच्या. टेबलापाशी पोचल्यावर त्यांनी टेबलक्लॉथचा कोपरा धरून ओढला. फुलदाणी आली, गोळ्यांचा डबा आला, चष्मा आला आणि सगळ्यात शेवटी फोन खाली आला. त्यांनी आमोदला लावला.

"आई! संपला का पाठ? किती वेळ चालला आज!" मागे ताटल्यांचा आवाज होता.

"आमोद," त्या म्हणाल्या, "मी मंडळात नाहीये."

"मग? भाजीला गेलीस?"

"मी घरी पडलेय. चक्कर आली. उठता येत नाहीये." आणि मग, आता काय लपवायचं उरलं म्हणून, त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "मी चार महिने मंडळात गेले नाही रे."

पलीकडचा ताटल्यांचा आवाज एकदम दूर गेला. आमोदने एकही प्रश्न विचारला नाही. "हलू नकोस. तेजस्विनीताईंना फोन करतो आणि निघतो," एवढंच म्हणाला.

दिवसा दाराला आतून कडी घालायची नाही आणि जादा किल्ली दवाखान्यात ठेवायची, हे आमोदने पूर्वीच बजावलं होतं. त्याच्या सूचनांपैकी तेवढी एक त्यांनी पाळली होती. पाचेक मिनिटांत तेजस्विनी धावत वर आली, चप्पलसुद्धा न काढता. तिने त्यांचे पाय उशीवर उंच ठेवले, ब्लड प्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं, खालून मशीन मागवून कार्डिओग्राम काढला, रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. मग मीठ-साखरेचं सरबत चमच्याने पाजायला बसली. सगळं झाल्यावर तिने जमिनीवर पडलेली गोळ्यांची पट्टी उचलली.

"बाई, आज किती घेतल्या?"

"चार."

"चार?"

"राहिलेल्या तीन, आणि आजची."

तेजस्विनी त्यांच्याकडे बघतच राहिली. आठवीत एकदा तिने गृहपाठ दुसरीच्या वहीतून उतरवला होता तेव्हा कुसुमताई तिच्याकडे अशाच बघत राहिल्या होत्या. "बाई, हा काय सहस्रनामाचा पाठ आहे? राहिली ती राहिली. दुसऱ्या दिवशी आपली एकच घ्यायची. दुप्पट कधीच नाही, आणि चौपट तर... नुसतं पाणी नाही जात हो, त्याच्याबरोबर अंगातलं मीठ जातं, पोटॅशियम जातं. म्हणून पोटऱ्या वळल्या, प्रेशर पडलं. हृदयाचे ठोके चुकले असते म्हणजे? वर उपास, वर पाणी बंद!" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "आणि राहिल्या म्हणजे काय? तुम्ही म्हणालात रोज घेता. तुमची सूज बघून मी डोस वाढवला ना!"

कुसुमताई छताकडे बघत होत्या. देवळाच्या पायरीचं त्यांनी छताला सांगितलं. पूर्ण वाक्यांत नाही, तुकड्यातुकड्यांत. पाटीचं, किल्लीचं, पातळाचं. तेजस्विनी चमचा हातात धरून ऐकत होती.

"आणि सकाळची गोळी म्हटल्यावर," त्या शेवटी म्हणाल्या, "मंडळ सोडण्यावाचून इलाज काय होता?"

"मंडळातून आल्यावर घ्यायची! अकराला घ्या, बाराला घ्या, दुपारी दोनला घ्या. रात्री उठावं लागू नये, अंधारात पडायला होऊ नये, म्हणून फक्त सकाळ लिहिली. ज्या दिवशी बाहेर जायचंय त्या दिवशी वेळ पुढे ढकलायची, गोळी बुडवायची नाही. तुम्ही एकदा विचारलं असतं बाई. दोनच तर जिने होते."

"दुपारी चालते?" कुसुमताईंनी विचारलं.

"चालते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी निबंधाच्या वह्यांत कितीदा तपासली होती. आता ती त्यांनाच लागू झाली. चार महिने. नुसत्या एका प्रश्नासाठी चार महिने त्या खिडक्या लावून बसल्या होत्या. आपल्याच विद्यार्थिनीसमोर, पदर तोंडाशी न नेता, त्या रडल्या.

तेजस्विनीने त्यांचे डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. "आज रात्री नजरेखाली राहायला हवं, मी हॉस्पिटलला सांगितलंय. आमोद आला की निघायचं. खाली पेशंट बसलेत, मी दार उघडं ठेवते, दर थोड्या वेळाने वर येते. सरबत घोटघोट. आणि काही झालं तरी उठायचं नाही." मग दारातून, "तास संपल्यावरसुद्धा नाही," म्हणाली आणि खाली गेली.

घर पुन्हा शांत झालं. फोन उशीपाशी होता, तो वाजला.

"आई, काय करतेयस?"

"पडलेय. सरबत पितेय. तू कुठे आहेस?"

"निघालोय. ट्रॅफिक आहे. तू बोलत राहा, तुझा आवाज ऐकू येऊ दे."

"काय बोलू?"

"काहीही. मंडळाचं..." आमोद म्हणाला आणि थांबला. "म्हणजे रावसाहेबांचा माइक?"

"माइक नाहीच तिथे."

"आणि शिऱ्यातलं मीठ?"

"तेही नाही."

"उपरण्याने तोंड बांधलं ते पण नाही?"

"नाही रे."

आमोद हसायला गेला, पण त्याला नीट हसू आलं नाही. मागे हॉर्न वाजत होते. मग त्याने विचारलं, "मग तू दिवसभर करतेस काय?"

चार महिन्यांत हे कुसुमताईंना कोणी विचारलं नव्हतं. रचलेलं सांगायचं असतं तर पटकन सुचलं असतं. मग त्या सांगायला लागल्या. सकाळी उठते. आंघोळ, पूजा. गोळी घेते. मग खुर्चीत बसते. न्हाणीघरात जाते, येते. समोरच्या भिंतीवर ऊन येतं, ते कॅलेंडरपर्यंत आलं की साडेनऊ झालेले असतात. खिडकी उघडत नाही. सहस्रनाम मनात म्हणते, मोठ्याने म्हटलं तर खाली कळेल. मग तुला काय सांगायचं ते जुळवते. तुझा फोन येतो. तू हसतोस. मग भात टाकते, एकटीला पोळी कुठे करायची. मंडई. परत येते. दिवा लावते. झोपते.

सांगताना त्यांना वाटत होतं, यात आणखी काहीतरी असेल, आपल्याला आठवत नसेल. पण नव्हतं. दिवस संपला होता.

"तू कुठपर्यंत आलास?" त्यांनी विचारलं.

"वाकडच्या पुलाखाली," आमोद म्हणाला. "मगाशी होतो तिथेच आहे."

चार महिने सांगून झाले होते, आणि गाडी जागची हललीही नव्हती. फोनमधून आमोदच्या श्वासाचा आवाज येत होता. तो रडतोय की काय असं कुसुमताईंना वाटलं, पण विचारावं कसं ते त्यांना कळेना. त्यांच्या घरात हे असं विचारायची पद्धत नव्हती.

"आई," तो म्हणाला, "परत सांग."

"काय परत सांगू? एवढंच आहे."

"एवढंच सांग. सकाळपासून."

कुसुमताईंनी सरबताचा एक घोट घेतला, घसा खाकरला, आणि सकाळपासून पुन्हा सांगायला लागल्या.